सूचना : वाचायला नेलेली पुस्तके परत आणण्याबाबत

सर्व सभासदांना विनंती आहे की, एकमेकांकडून वाचायला नेलेली पुस्तके येत्या रविवारच्या बैठकीला आठवणीने आणावीत. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मला नुकतीच विश्राम बेडेकरांच्या, १९३९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'रणांगण' या कादंबरीची जुनी प्रत मिळाली असून ती वाचायला देण्यात मला आनंदच आहे. मात्र तिची शिवण सुटली आहे आणि पाने इतकी ठिसूळ झाली आहेत की कोपरा दुमडताच तुकडा हातात येतो, म्हणून खुणेसाठी कागदाची पट्टीच वापरावी. कोणतेही पुस्तक परस्पर तिसऱ्याला देऊ नये, आधी वहीत नाव व तारीख लिहावी. तसे न झाल्याने माझी दोन आवडती पुस्तके कोणाकडे आहेत, हे आज कोणालाच सांगता येत नाही. वाचून झाले नसल्यास मुदत वाढवून मिळेल.