वजनकाट्यापेक्षा टेप बरा

मा. संपादक,

मधुमेह म्हणजे गोड खाण्याचा आजार, ही समजूत काही जाता जात नाही. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबीही त्याला कारणीभूत ठरते; ती नुसती पडून नसते. तिथल्या पेशी फुगल्या की त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, काही मरतात, आणि साफसफाईला मॅक्रोफेज या पेशी गोळा होतात. मग टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी रसायने पाझरतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा १९९३ सालीच दिसले होते. ही रसायने ‘साखर आत घ्या’ हा इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोचू देत नाहीत. हा मंद दाह ना दुखतो, ना ताप आणतो.

आपल्याकडे वजनकाटा तर सरळ फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकाऱ्याशी मांडली: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ आणि सहकाऱ्याची ९.१ टक्के!

म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पँटच्या पट्ट्यावर नको, तो पोटाखाली घसरलेला असतो. पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे आकडा गेला तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) तपासून घ्या. दाह मोजायला सीआरपी या रक्तचाचणीचे महागडे पॅकेज कशाला? साध्या सर्दीनेही सीआरपी वाढते.

– एक वैद्यकीय व्यावसायिक