टकळीच्या चकत्या ओळखायला शिकवणाऱ्या आजींना

आजी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही घोंगडीची लोकर टकळीवर कातता, म्हणून जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांच्या, उत्खननात मिळालेल्या मातीच्या चकत्या (टकळीच्या काडीत वजनासाठी घालायच्या) तुमच्यापुढे ठेवल्या होत्या. तुमच्या बोलण्याने आमची नोंदवही सुधारली, त्याचे हे जाहीर आभार.

आधी वजनाचं. आम्ही व्यास मोजायचो आणि वजन राहून जायचं. तुम्ही मात्र तळहातावर झेलूनच हलक्या-जड असे दोन ढीग केलेत. तेच बरोबर. कापसाचा तंतू आखूड. लोंबत्या टकळीला जड चकती असली की धागा तुटतो. तिथे ८-१० ग्रॅमची चकती हवी, आणि टकळीचं टोक वाटीत टेकवलेलं बरं. ३० ग्रॅमच्या पुढची चकती जाड लोकरीची, नाहीतर दोन धागे एकत्र पिळायची. रुंद चपटी सावकाश पण बराच वेळ फिरते, लहान जाडी झपाट्याने फिरून लवकर थांबते. अर्धी फुटलेली असेल तर वजन दुप्पट करून पुढे 'अंदाजे' लिहायचं, हे आता पक्कं.

मग भोक. खापराचा तुकडा घासून गोल केला आणि दोन्ही बाजूंनी कोरला की भोक मध्ये अरुंद होतं, डमरूसारखं. ते जरा एकीकडे सरकलं तर टकळी थरथरते आणि पीळ सारखा बसत नाही. भोकच नसेल तर ती बहुधा ठिकरी, खेळायची! काडी घालून फिरवून बघायची तपासणी मात्र नकलेवरच, म्हणजे तशाच नव्या बनवलेल्या चकतीवर करावी. मूळ चकतीत काडी घातली की भोकातली जुनी झीज, म्हणजे पुरावाच, पुसला जातो. कच्च्या मातीची चकती तर पाण्यात धुवायचीच नाही, विरघळते. सावलीत वाळवून मऊ ब्रशने झाडायची.

'माग कुठे आहे?' असं आम्ही विचारलं, तेव्हा तुम्ही खुंट्या दाखवल्यात. ग्रीसमधल्या जुन्या शेतघरांत मागाची मातीची वजनं सापडतात, कारण तिथे ताणा, म्हणजे मागावर आधी ताणलेले धागे, उभा लोंबायचा. तुमचा ताणा आडवा, दोरीने ओढून खुंटीला बांधलेला. असा माग मोडला की मागे खुंटीच्या खळग्याशिवाय काही उरत नाही. धागाही क्वचितच टिकतो. नेवाशाच्या आणि चांडोलीच्या दफनांत तो टिकला, कारण तो तांब्याच्या मण्यांत ओवलेला होता आणि तांब्याच्या क्षारांनी तंतू कुजू दिला नाही.

घरांबद्दलही तुमचा उपयोग झाला. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या १९६८ ते १९८३ च्या उत्खननात शंभराहून जास्त घरं उघडी पडली: आधीची चौकोनी, शेवटच्या काळातली बरीचशी लहान गोल झोपड्या. भिंती कुडाच्या. जळाल्या की गिलाव्याची ढेकळं भाजून टिकतात, आणि आतल्या बाजूला काड्यांचे ठसे राहतात. ढेकळाची गुळगुळीत बाजू म्हणजे लिंपणाची, हे तुम्ही बोट फिरवून सांगितलंत. काळ्या मातीत भुसा नि शेण का घालतात, तेही: नुसती काळी माती वाळताना आकसते, भेगा पडतात. सारवणाचे पापुद्रे मोजायचे तर कोरडे खरवडू नयेत. कडेला उभा छेद घेऊन पाण्याचा हलका फवारा मारला की रंग वेगळे दिसतात. खांबाचा खड्डा आणि उंदराचं बीळ यांतही फसगत होते. अर्धाच खणून बघावा. खांबाचा सरळ खाली उतरतो, बीळ तिरकं पळतं.

तुम्ही मागितलेल्या नकला सोबत आहेत, सहा. ओली असताना १२ ग्रॅम भरलेली चकती भाजल्यावर नऊच्या आसपास आली, म्हणून सगळ्या पुन्हा तोलून वजन मागे कोरलं आहे. चौथीचं भोक जरा सरकलंय, तिच्यावर चांगली लोकर घालू नका.

तुमचे,
चकत्या-ढेकळं मोजणारे