आई-बाबा, पूल नाही, स्विम स्पा घेतेय

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून सगळं सविस्तर लिहूनच पाठवतेय. आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय रागवायचं ते रागवा. मागच्या अंगणात पूल होणार नाहीये. स्विम स्पा बसवतोय, म्हणजे समोरून येणाऱ्या झोताविरुद्ध जागच्या जागी पोहायची तयार टाकी. दादाशी बोलून झालंय, ऑर्डरही दिलीये.

बाबा, तुम्ही आलेख कागदावर काढलेला पूलचा नकाशा माझ्याकडेच आहे, फाइलमध्ये नीट ठेवलाय. ८ मीटर बाय ४ मीटर, एका बाजूला पायऱ्या आणि काठावर आईसाठी बाकडं. त्या बाकड्यापाशीच माझं अडलं. म्हणजे पुन्हा तुम्ही पाण्यात आणि आई काठावर टॉवेल घेऊन बसलेली. आई पाण्यात का उतरत नाही ते आपल्या तिघांनाही माहितीये, तो विषय मी काढत नाही. पण आता तिच्या गुडघ्यांना पाण्याची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की अंगाचं जेमतेम एक तृतीयांश वजन पायांवर येतं, जमिनीवर जी चार पावलं टाकताना ती भिंत धरते तीच चार पावलं तिथे न धरता टाकता येतील. मला ती पाण्यात हवीये बाबा, बाकड्यावर नकोय.

आणि खरं सांगू, ८ मीटरमध्ये तुमचं काय पोहणं होणार? चार-पाच हात मारले की भिंत, वळा, परत भिंत. तुमच्या मानेला ते सारखं वळणं झेपणारे का? स्विम स्पात समोरून पाण्याचा झोत येतो आणि आपण जागच्या जागी त्याच्याविरुद्ध पोहायचं, वेग कमी-जास्त करता येतो, दमलात की बटण दाबून बंद करायचं. मी स्वतः उतरून पाहिलं. नुसत्या जेटवाल्यात, म्हणजे बारीक तोंडातून जोरात पाणी सोडणाऱ्यात, पाणी फार खळबळतं, बुडबुडे तोंडावर येतात, श्वास घेताना नाकात जातं, ते मी नको म्हटलं. आपण प्रोपेलरवाला, म्हणजे पंख्यासारख्या पात्यांनी पाणी ढकलणारा घेतोय, त्याचा प्रवाह रुंद आणि एकसारखा असतो, मधोमध राहिलं की नदीला धार असते ना, तसं वाटतं. पण सूर मारता येणार नाही. हे लपवत नाही. पाणी सव्वा मीटरच आहे, तेव्हा मनातसुद्धा आणू नका. मला माहितीये तुमच्यासाठी पोहणं म्हणजे निम्मा तो सूरच. विहिरीत पोटाखाली हात धरून मला शिकवलंत आणि मी पाय मारायला लागल्यावर न सांगता हात काढून घेतलात, ते पाणी आणि हे पाणी एक नाही, कळतंय मला. तरीही हेच घेतेय.

पाण्याचा हिशोब पण ऐका. तुमच्या नकाशातल्या पूलला ४५ हजार लिटरच्या आसपास पाणी लागलं असतं, याला ६ हजार. पूलचं एवढं सगळं पाणी गाळायचं, साफ ठेवायचं, थंडीत गरम करायचं, आणि माणूस ठेवला तरी पानं काढायची ती लांब दांड्याची जाळी तुम्ही कुणाच्या हातात देणार आहात का? ओल्या फरशीवर वाकून वाकून काढत बसला असतात. बाथरूममधल्या त्या प्रकारानंतर मला ते डोळ्यासमोर आणायचं नाहीये. इथे वर जाड झाकण येतं, कुलूप लागतं, पाण्याची ऊब टिकते आणि पोरं सुट्टीत आली की मला धास्ती नाही. बाबा, किल्ली तुमच्याकडेच राहील.

फक्त पाणी थोडं असल्यामुळे बिघडतंही लवकर, म्हणून टेस्ट स्ट्रिप (पाण्यात बुडवली की रंग बदलणारी पट्टी) रोज उतरायच्या आधी बुडवायचीच, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते) ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन ३ पीपीएमच्या (लिटरला ३ मिलिग्रॅम) आसपास, रंग डबीवरच्या पट्टीशी जुळवायचे. हे काम बाबांचं, ते वहीत लिहूनही ठेवतील.

तापमानावरून तुमचं भांडण होणार म्हणून आधीच ठरवून टाकलंय, ३० अंश. बाबांना ते कोमट वाटेल, २७ हवं असेल, आणि आईला अजून गरम हवं असेल. पण सकाळी एक नि संध्याकाळी एक असं होत नाही, एवढ्या पाण्याला एक अंश चढायला तास-सव्वा तास लागतो. ३० ला गुडघेही मोकळे होतात आणि पोहताना दमही लागत नाही. बटण आहे म्हणून ३८-४० वर नेऊ नका, खास करून बाबा, प्रेशरच्या गोळ्या चालू असताना गरम पाण्यातून झटकन उठलं की चक्कर येते. बाहेर येताना आधी काठावर बसायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग उठायचं.

आई, आता तुझ्यासाठी. मागच्या वेळी मी तुझी जेवायची खुर्ची टेपने मोजत होते आणि तू "वेड लागलंय का" म्हणालीस ना? ती ४५ सेंटीमीटर भरली. स्विम स्पा नुसता जमिनीवर ठेवला तर काठ तुझ्या छातीपर्यंत येतो, शिडी चढून आत जावं लागतं, ते तुला जमणार नाही. म्हणून खड्डा घेऊन अर्ध्याहून जास्त जमिनीत उतरवतोय, काठ बरोब्बर त्या खुर्चीएवढाच वर राहील. खुर्चीत बसतेस तसं काठावर बसायचं, एकेक पाय आत वळवायचा, आतली बार धरून पायरीवर उतरायचं. कुणाचा हात धरायला लागू नये असं केलंय, पण सुरुवातीला बाबांचा धरच. आतली बैठक हात लावून बघितली मी, खरखरीत आहे, पाय सरकत नाही. डोकं भिजणार नाही, केसांची काळजी नको.

खड्ड्यात पंपाच्या बाजूला माणूस उतरेल एवढी जागा सोडायला सांगितलीये, नाहीतर दुरुस्तीला अख्खं धूड उचलावं लागतं. बाबा, तिथे "जागा वाया जातेय" म्हणून काही ठेवायचं नाही. खाली सळया घातलेला ६ इंच जाड स्लॅब येईल, भरल्यावर ७ टनांच्या वर वजन जातं, तुम्ही गच्चीचं विचारत होता ना, त्यासाठीच नको म्हटलं. खड्ड्याला पाणी जायला ड्रेन आणि वायरिंगला ३० मिलिअँपचा ब्रेकर (करंट गळला की लगेच वीज तोडणारा), दोन्ही झाल्याशिवाय सही करायची नाही, कितीही गोड बोलले तरी.

क्रेन येईल त्या दिवशी दादा येतोय. तुम्ही दोघांनी घरातून बघायचं, खाली उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. त्याआधी बाबा, तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारून घ्या, प्रवाहाविरुद्ध किती वेळ पोहू ते, आणि "विचारलं" एवढंच नको, काय म्हणाले ते कळवा. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, दोघांपैकी कुणीच.

आई, साडी-गाऊन घालून उतरता येणार नाही, सुती कपडा जड होतो आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. पूर्ण बाह्यांचा टॉप आणि घोट्यापर्यंतची पॅन्ट मिळते पोहायची, अंग सगळं झाकलेलं राहतं, मी मागवते. कंबरेचं आणि उंचीचं माप आज रात्रीच पाठव, आणि टेपने घे, अंदाजे नको.

तुमची
मनू