अहो, मोयर 'वेगवान' कधी झाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या क्रीडापानावर अमेरिकन बेसबॉलमधल्या जेमी मोयर या पिचरला (म्हणजे तिकडच्या बॉलरला) चार ओळीत उरकलंय ते वाचून चहा गार झाला. "वेगवान पिचर" आणि "उशिरा नशीब फळफळलं". वेगवान? अहो बाकीचे ताशी 90-95 मैलांनी फेकायचे तेव्हा हा बाबा जेमतेम 82 ने फेकायचा, चेंजअप (फसवायला मुद्दाम हळू टाकलेला बॉल) तर त्याहून हळू.

2003 ला माझे वडील सांगलीहून आमच्याकडे सिएटलला आलेले, त्यांना मरिनर्सची (तिथल्या बेसबॉल टीमची) मॅच बघायला नेलं आणि नेमका मोयरच होता. बोर्डावर स्पीडचा आकडा बघून बाबा म्हणाले, याला तर मी पण मारीन, आणि शेंगा सोलत बसले. तिसऱ्या इनिंगला शेंगा सोलायचं थांबलं. स्वतः जन्मभर क्लबात डावखुरी स्पिन टाकलेली, हा पण डावखुरा, मग हळूच म्हणाले, "अरे हा त्यांना घाई करायला लावतोय. बॅट आधी येतेय, बॉल मागून." बेसबॉलचा एक नियम माहीत नसलेल्या माणसाला अर्ध्या तासात कळलं ते तुमच्या वार्ताहरांना कळू नये? त्या सीझनला 40 वर्षांचा मोयर 21 मॅचेस जिंकला.

आणि नशीब कसलं? 1992 ला शिकागोच्या कब्ज टीमने काढला आणि वर कोचची नोकरी देऊ केली, म्हणजे सभ्य भाषेत घरी बस. (मलाही 41 व्या वर्षी कंपनीने 'मेंटॉर' केलं होतं, मी मुकाट्याने झालो, असो.) हा नाही म्हणाला आणि टोलेडोला मायनर लीगमध्ये (म्हणजे खालच्या पातळीवर) जाऊन फेकत बसला. तेव्हा खात्यावर 34 विजय होते, रिटायर झाला तेव्हा 269. मधे कोपराचं ऑपरेशन होऊन 2011 अख्खं वाया गेलं, तरी 2012 च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोच्या रॉकीज टीमकडून जिंकलाच, वय 49. मेजर लीगमध्ये (म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर) एवढ्या वयाचा पिचर त्याआधी जिंकलेला नाही. सर्वात जास्त होमरन (आपल्या सिक्सरसारखे) खायचा विक्रमही त्याचाच, 522, तो छापला असतात तरी चाललं असतं, निदान खरा तरी होता.

प्रवीण तांबे 41 व्या वर्षी आयपीएलमध्ये आला तेव्हा कौतुकाने पान भरलं होतंत, ते योग्यच होतं. मग याला चारच ओळी आणि त्यातही दोन चुका?

ता. क. गेल्या महिन्यातलं माझं पत्र अर्धं कापलंत त्याबद्दल काही म्हणत नाही, पण आडनाव तरी नीट छापायचं होतंत. आणि रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर कुठल्या पानावर असतं ते कृपया कळवावे.

आपला,
एक जुना वाचक, पुणे