ग्रंथालयाचा रकाना 'मागील पानावरून पुढे' नको

महोदय,

देशातील 97.49 टक्के उच्च शिक्षण संस्थांमध्ये ग्रंथालय आहे, असे 2020-21 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा अहवाल सांगतो. आकडा वाचून ग्रंथालयांच्या बाबतीत आता करण्यासारखे काही उरलेले नाही, असेच कोणालाही वाटेल. पण पन्नास हजार ग्रंथांचे, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका चालवणारे ग्रंथालय आणि स्टाफरूमच्या कोपऱ्यातली दोन कुलूपबंद कपाटे, या दोन्हींची नोंद या टक्केवारीत सारखीच होते. फरक कळतो तो पुढच्या रकान्यांतून: ग्रंथ किती, नियतकालिके किती. नेमके हेच रकाने आपल्याकडे घाईत, अंदाजाने भरले जातात. यंदा महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी या सर्वेक्षणात स्वतः लक्ष घालावे, एवढ्यासाठी हे पत्र.

कार्यालयात सगळे ज्याला 'आयशे' म्हणतात, ते हे सर्वेक्षण 2010-11 पासून दरवर्षी होते. महाविद्यालयांसाठी डीसीएफ-2 हा नमुना असतो आणि 2020-21 पासून तो थेट संकेतस्थळावर भरला जातो. भरणारा नोडल अधिकारी बहुधा एखादा प्राध्यापक नाही तर मुख्य लिपिक असतो. प्रवर्गनिहाय विद्यार्थिसंख्या, निकाल, शिक्षकांची माहिती यांतच त्याचा जीव मेटाकुटीला येतो. ग्रंथालयाच्या रकान्यापाशी पोहोचेपर्यंत मुदत संपत आलेली असते. मग गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात नवी खरेदी मिळवायची आणि मोकळे व्हायचे. दहा वर्षे असे चालले की कागदावर ग्रंथालय वाढतच जाते, कारण त्यातून कधी काही वजाच होत नाही.

आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमाने अंक देणाऱ्या दाखल नोंदवहीतला शेवटचा अंक म्हणजे ग्रंथसंख्या नव्हे, हे प्रत्येक ग्रंथपालाला माहीत आहे. ते नोडल अधिकाऱ्याला माहीत असतेच असे नाही. समजा शेवटचा दाखल अंक 31,460 आहे. आजवर निर्लेखित केलेले, म्हणजे नोंदीतून रीतसर काढून टाकलेले ग्रंथ 4,212, मोजणीत न सापडलेले 318 आणि देणगीच्या स्वतंत्र नोंदवहीतले 1,150. पहिले दोन वजा करून देणगीचे मिळवले, तर खरा आकडा 28,080 होतो. क्रमिक पुस्तकाच्या बारा प्रती असतील तर ग्रंथ बारा आणि शीर्षक एक. नमुन्यात काय विचारले आहे ते वाचूनच आकडा द्यावा.

महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे. अनेक ठिकाणी अकरावी-बारावीचे वर्ग त्याच आवारात आणि ग्रंथालय सामाईक असते. हे सर्वेक्षण उच्च शिक्षणाचे आहे, त्यात कनिष्ठ महाविद्यालयाचे विद्यार्थी मोजले जात नाहीत. त्यांची पुस्तके मात्र मोजली गेली, तर दर विद्यार्थ्यामागे ग्रंथ जास्त दिसतात. कनिष्ठची दाखल नोंदवही वेगळी असेल तर प्रश्नच नाही. एकच असेल तर कनिष्ठच्या अनुदानातून घेतलेली पुस्तके आधी बाजूला काढावीत, आणि जो नियम लावला तो लिहून ठेवून दरवर्षी तोच पाळावा.

नियतकालिकांच्या रकान्यात तर मोठाच घोळ होतो. महाविद्यालय वर्गणी भरून चौदा छापील नियतकालिके घेते. एन-लिस्टचे, म्हणजे महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या सामूहिक योजनेचे, सदस्यत्व आहे म्हणून त्यात तिथली सहा हजारांवर ई-नियतकालिके मिळवली जातात आणि आकडा थेट सहा हजारांपुढे जातो. असे आकडे एकत्र झाल्यावर राज्यात नियतकालिकांची कमतरता आहे, हे कोणाला पटवणार? छापील, स्वतःच्या पैशांतून घेतलेली ई-नियतकालिके आणि सामूहिक योजनेतून मिळणारी, असे तीन आकडे आपल्याकडे कायम वेगळे ठेवावेत. वृत्तपत्रे आणि नोकरीविषयक साप्ताहिके यांत धरू नयेत. हा भेद यापुढे अधिकच महत्त्वाचा आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही संस्थांना ई-नियतकालिके मिळवून देणारी केंद्राची योजना 2025 पासून सुरू झाली, तिच्या पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य शासनाच्या संस्था आहेत. बाकीच्या महाविद्यालयांना स्वतःची गरज आकड्यांनीच मांडावी लागेल.

याच नोंदी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला आणि संस्थांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफलाही लागतात, तेव्हा काम एकदाच नीट करावे. एनआयआरएफ खर्च आर्थिक वर्षाप्रमाणे, म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च असा मागते. ग्रंथालय समितीचा अहवाल मात्र जून ते मे असतो. मार्चअखेरची बिले इथेच दोनदा धरली जातात किंवा दोन्हीकडून सुटतात. आकडा लेखापरीक्षित ताळेबंदाशी जुळलाच पाहिजे. बांधणी, कपाटे आणि सॉफ्टवेअरची देखभाल हा ग्रंथखरेदीचा खर्च नव्हे. नॅकला ग्रंथालयाचा रोजचा वापर लागतो. तो काढताना कामाच्या दिवसांनी भागावे, 365 ने नव्हे. दारावरचे मोजणी यंत्र येणारा आणि जाणारा दोघांनाही मोजत असेल तर आकडा निम्मा करावा. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इश्यू' आणि 'रिन्यू' वेगवेगळे नोंदले जातात. मुदतवाढ देवघेवीत धरली की नाही, तेही टिपून ठेवावे. एकाच महाविद्यालयाचे तीन ठिकाणी तीन आकडे निघाले, तर नॅकच्या पडताळणीत खुलासे देता देता नाकी नऊ येतात.

ग्रंथसंख्या कमी झालेली दिसेल म्हणून काही प्राचार्य बिचकतात. ही भीती काढून टाकली पाहिजे. केंद्र शासनाच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम 215 मध्ये, वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी आणि पन्नास हजारांपर्यंत असतील तर किमान तीन वर्षांतून एकदा पूर्ण मोजणी सांगितली आहे. देवघेव झालेल्या किंवा वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच गहाळ होणे तिथे वाजवी मानले आहे, अर्थात त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. जुन्या अभ्यासक्रमाची फाटकी पुस्तके निर्लेखित करून घटलेला आकडा हे नीट चाललेल्या ग्रंथालयाचे लक्षण आहे.

प्रत्यक्षात करायचे ते इतकेच. सर्वेक्षणाची सूचना येण्याची वाट न पाहता ग्रंथपालांनी नोडल अधिकाऱ्याकडून गेल्या वर्षी भरलेल्या नमुन्याची प्रत घ्यावी. एका कागदावर प्रत्येक आकडा आणि त्यापुढे त्याचा आधार लिहावा: कोणती नोंदवही, कोणते पान, कोणता अहवाल, कोणत्या तारखेचा. त्यावर प्राचार्यांची सही घेऊन एक प्रत कार्यालयात, एक ग्रंथालयात ठेवावी. शून्य आणि रिकामा रकाना यांत गल्लत नको. शून्य म्हणजे ती गोष्ट नाही, रिकामा म्हणजे माहिती दिलेली नाही. ग्रंथपालाचे पद रिक्त असेल आणि लिपिक प्रभारी असेल, तर कर्मचाऱ्यांच्या माहितीत तसेच दिसू द्यावे. प्रभारीला ग्रंथपाल दाखवले की रिक्त पदच नोंदीतून नाहीसे होते, आणि नाहीशा झालेल्या पदावर भरती कोण मागणार?

विद्यापीठांचे नोडल अधिकारी संलग्न महाविद्यालयांसाठी बैठका घेतात, त्यांत ग्रंथपालांनाही बोलवावे आणि ग्रंथालयाच्या रकान्यांसाठी एक तास राखून ठेवावा. ग्रंथपाल नसलेल्या शेजारच्या महाविद्यालयाच्या प्रभारींना पहिल्या वर्षी सोबत बसून हा कागद भरून द्यायला अनुभवी ग्रंथपालांची तयारी असते. फक्त मुदतीच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी विचारावे.

— महाविद्यालयीन ग्रंथालयांत काम करणारे काही ग्रंथपाल