खंडेनवमीला केरिस घासू नका

माननीय संपादक,

खंडेनवमी जवळ आली की माळ्यावरची जुनी शस्त्रे खाली येतात आणि काचपेपर, विटेची पूड, चिंच लावून लखलखीत केली जातात. तलवारीलाही ते चांगले नाहीच, पण केरिस या मलाया-इंडोनेशियाकडच्या खंजिराचे त्यात कायमचे नुकसान होते. नागमोडी पात्यामुळे हे शस्त्र आपल्याकडे बिचवा समजले जाते, म्हणून हे पत्र.

आधी पात्याचे बूड बघा. केरिसचे पाते तिथे एकाच बाजूला जास्त रुंद होते, सोंडेसारखी बारीक वळी निघते आणि तळाशी वेगळी घडवलेली आडवी पट्टी बसवलेली असते. क्वचित ती पट्टी पात्यातूनच काढलेली असते, त्यामुळे सांधा दिसला नाही म्हणून लगेच नकली ठरवू नये. वळणे बुडापासून टोकापर्यंत, दोन्ही कडांचे खोलगट भाग आळीपाळीने धरून मोजा. संख्या विषम येते. सरळ पात्याचे केरिसही तितकेच अस्सल असतात.

खरी परीक्षा पात्यावरच्या नक्षीची. मधे पोलादाचा गाभा आणि दोन्ही अंगांना साध्या व निकेलयुक्त लोखंडाचे थर, अशी ही घडण. जावात प्रांबानन येथील उल्केचे लोखंडही यासाठी वापरले गेले. लिंबाचा रस आणि सोमल (आर्सेनिक, हे विष आहे) यांनी साधे लोखंड काळवंडते, निकेलचे थर रुपेरी राहतात. पात्याच्या मध्यापासून धारेकडे अंगठ्याचे नख हलके फिरवा. जुन्या जावानी पात्यावर थरांचे उंचवटे बहुधा जाणवतात, आणि धारेपाशी नक्षी संपून नुसते पोलाद लागते. तेजाबाने वर उमटवलेली नक्षी मात्र धारेपर्यंत सपाट आणि सारखीच जाते. तेजाबात बुडवून ‘जुने’ केलेले पाते सगळीकडे सारखेच खड्डेदार असते. वयाचा गंज असा समान लागत नाही.

गाव ठरवताना मुठीवर फार विसंबू नका, मुठी आणि म्याने बदलली जातात. तरी पक्ष्याच्या डोक्यासारखी वाकलेली मूठ बुगिस (मूळचे सुलावेसी बेटावरचे लोक) व मलायी प्रदेशाकडे, लांब नाकाची मूठ थायलंड-मलेशिया सीमेजवळच्या पट्टानी-केलांतनकडे बोट दाखवते. बालीचे पाते मोठे, वजनदार आणि घोटून गुळगुळीत केलेले. अरुंद, लांब, सरळ पाते बहुधा सुमात्राचे.

मूठ ओढून काढू नका. जावानी मूठ कापड गुंडाळून बसवलेली असते, ती हळू पिळत निघते. मलायी मूठ राळेने चिकटवलेली असू शकते, तिला जोर लावला की लाकूड चिरते.

काचपेपरने नक्षी गेली की किंमतही गेली आणि ओळखण्याचे साधनही. कोरड्या मऊ कापडाने पुसून पातळ तेलाचा हात द्यावा. पात्यावर सोमलाचा अंश असतो, म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना ते हाताळू देऊ नये. ओले हळद-कुंकू पात्याला न लावता पाटावर वाहावे.

आपले,
जुन्या शस्त्रांचे अभ्यासक, सोलापूर