कागद मागेल त्याने फी द्यावी : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

साताऱ्याजवळच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. गेल्या पावसाळ्यात तापाने तीन दिवस घरी पडून होते. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, तीनशे रुपये झाले. ते मी दिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चौथ्या दिवशी कामावर गेले, तर गेटवरूनच परत पाठवलं. ‘सर्टिफिकेट आणा, फिटनेसही आणा.’ पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग. दोन कागदांचे चारशे रुपये गेले आणि तो दिवसही बिनपगारी लागला.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे त्यांना प्रत्येक दाखल्याची नोंद रजिस्टरात करावी लागते, रुग्णाची ओळखखूण लिहावी लागते, प्रत ठेवावी लागते. त्या कामाचे पैसे त्यांनी घ्यावेत. पण ते काम माझ्या तब्येतीसाठी नव्हतं. तो कागद कारखान्याला हवा होता. मग फी माझ्या पाकिटातून का जावी?

ज्यांचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे त्यांचं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याची वर्गणी, कापलं जातं. त्यांना ईएसआयच्या दवाखान्यात दाखला फुकट मिळतो, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ताही मिळतो. माझा पगार या रेषेच्या जरासा वर गेला आणि हे सगळं सुटलं. ही रेषा 2017 पासून हललेली नाही. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी रेषेच्या खूप खाली आहेत, पण ठेकेदाराने त्यांच्या हातात अजून ईएसआयचं कार्डच दिलेलं नाही. त्यांचा रोज पाचशे रुपये. मागच्या महिन्यात त्या अंगात ताप घेऊन, पदर तोंडाला लावून कामाला आल्या. घरी राहिल्या असत्या तर रोज बुडाला असता आणि वर कागदाचा खर्च. मला ते बघवलं नाही.

साहेब, 2020 च्या सुरक्षा व आरोग्य संहितेत ठरावीक कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने विनामूल्य करून द्यायची, असं कायद्यानेच म्हटलं आहे. म्हणजे तपासणीचा खर्च मालकाने उचलणं कायद्याला परकं नाही. तेच दाखल्यालाही लावा. तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला कामगाराचा स्वतःचा लेखी अर्ज पुरेसा धरावा. त्यापुढे मालकाला डॉक्टरांचा कागद हवाच असेल, तर पावती पाहून फी पुढच्या पगारात द्यावी आणि कागद आणण्यात गेलेला दिवस हजेरीत धरावा. ठेकेदाराच्या माणसांनाही हेच लागू असावं. त्यांना वगळलं तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच बाहेर राहतील.

माझ्या दोन्ही पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. आपल्या विभागाने मागितल्या तर लगेच पाठवते.

आपली नम्र,
एक कामगार, सातारा जिल्हा